रूफटॉप सोलरचं काम करणाऱ्यांसाठी सामायिक ऑनलाइन माहितीसंग्रह: कोणत्या क्रमाने उभारायचा

नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांत रूफटॉप सोलरचं काम करणारी मंडळी आता बरीच झाली आहेत. साइट बघून डिझाइन करणारे, स्ट्रक्चर उभारणारे फिटर, वायरमन, पोर्टलवर ग्राहकांचे अर्ज भरणारे, नंतरची देखभाल पाहणारे. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरगुती रूफटॉप सोलरला अनुदान देणारी पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तेव्हापासून कामं वाढली आणि नवखी माणसंही वाढली. रोज साइटवर अडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं मात्र एका जागी सापडत नाहीत. म्हणून चार-पाच जण एकत्र येतात आणि सगळ्यांसाठी माहिती ऑनलाइन टाकायचं ठरवतात.

कल्पना योग्यच आहे, पण क्रम चुकतो. पहिल्या आठवड्यात नाव, लोगो आणि वेबसाइट होते. मग कंपन्यांच्या पीडीएफ चढवल्या जातात. काही महिन्यांनी कोणी उघडून बघितलं तर अर्धे आकडे जुने झालेले असतात, आणि ते दुरुस्त करायचे कोणी, हे कोणालाच माहीत नसतं. खालचा क्रम हे टाळण्यासाठी आहे. तुमचा व्यवसाय वेगळा असेल, फवारणीचे ड्रोन चालवणारे असतील किंवा ईव्ही दुरुस्त करणारे, तरी टप्पे हेच राहतील.

## सुरुवातीआधी: वेळ आणि माणसं

काम पावसाळ्यात सुरू करा. उन्हाळ्यात गच्चीवरून उतरलेला माणूस रात्री लिहायला बसणार नाही, आणि दिवाळीनंतर पुन्हा साइट सुरू होतात. नागपुरात जूनच्या मध्यापासून गच्चीवरची कामं मंदावतात. जुलैमध्ये तयारी आणि मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या) आत पहिल्या दहा पानांचा मसुदा, असं वेळापत्रक झेपतं.

पहिल्या गटात पाच ते सात माणसं पुरेत. त्यात किमान एक वायरमन परवानाधारक, एक प्रत्यक्ष स्ट्रक्चर उभारणारा फिटर, एक कागदपत्रांचं काम करणारी व्यक्ती आणि एक अगदी नवखा हवा. नवख्याला वगळू नका. अनुभवी माणूस ज्या पायऱ्या सांगायच्याच विसरतो, त्या नवखाच विचारतो.

## १. आधी प्रश्न गोळा करा

दोन आठवडे काहीही लिहायचं नाही. फक्त प्रश्न टिपायचे. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये, इतवारीच्या बाजारात केबल घ्यायला गेल्यावर काउंटरवर, साइटवर डबा खाताना, जिथे जो प्रश्न ऐकू येईल तो एका सामायिक शीटमध्ये टाका. प्रश्न जसा विचारला तसाच लिहा. ‘भाऊ, बोरचं पाणी खारं हाये, पॅनल धुवाले चालन का?’ हे बदलून ‘पॅनल स्वच्छतेसाठी जलगुणवत्तेचे निकष’ करू नका. पुढे शोधणारा माणूस विचारलेल्या त्याच शब्दांत शोधणार आहे. शीटमध्ये चार रकाने पुरतात: प्रश्न, विचारणाऱ्याचं काम (फिटर, वायरमन, अर्ज भरणारा), कुठे ऐकला, आणि किती वेळा ऐकला.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतले दहा निवडा. पहिली दहा पानं तीच.

तपासणी: निवडलेले दहाच्या दहा प्रश्न डिझाइन करणाऱ्यांचेच आहेत का? असतील तर फिटर आणि हेल्परशी तुम्ही बोललेला नाहीत. आणखी एक आठवडा घ्या.

## २. हद्द आखा आणि लिहून ठेवा

संग्रहात काय येणार नाही, हे पहिल्या पानाच्याही आधी ठरवा. माझ्या मते तीन गोष्टी बाहेरच ठेवाव्यात.

एक, दर. पॅनलचा, इन्व्हर्टरचा, वॅटमागचा भाव आठवड्याला हलतो आणि दर लिहिला की वाद सुरू होतो.

दोन, कोणाकडून घ्या, कोणाकडून घेऊ नका. ‘चांगले व्हेंडर’ अशी यादी ज्या दिवशी येते, त्या दिवशी संग्रह सगळ्यांचा राहत नाही.

तीन, चालू वीजपुरवठ्यावर हात घालायला शिकवणारी पानं. ऊन असेपर्यंत पॅनल बंद करता येत नाही, आणि डीसी करंटची ठिणगी एसीसारखी पटकन विझत नाही. लोडवर असताना एमसी-फोर कनेक्टर (पॅनलच्या डीसी वायरी जोडणारा) ओढायचा नाही, हे ठळक अक्षरांत जरूर लिहा. पण परवानाधारकानेच करायच्या कामाची ‘सोपी कृती’ करून टाकू नका. वाचणारा कोण आहे हे तुम्हाला दिसत नाही. पानावरची पायरी वाचून कोणीतरी एकट्याने गच्चीवर चढणार आहे, हे धरूनच लिहायचं.

सावधान: हद्द तोंडी ठरवली तर टिकत नाही. अर्ध्या पानाची नोंद करा, सगळ्यांनी वाचून होकार द्या, आणि संग्रहाच्या पहिल्या पानावर ती ठेवा.

## ३. प्रत्येक पानाला चार भूमिका

- लिहिणारा: पहिला मसुदा करतो. लेखक असण्याची गरज नाही. ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याच्याकडून आवाजी नोंद घ्या आणि दुसऱ्याने ती उतरवा.
- तपासणारा: लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा माणूस. सुरक्षेच्या पानांसाठी परवानाधारकच.
- पालक: पान छापल्यानंतर ते ताजं ठेवायची जबाबदारी याची. एका माणसाकडे चारपेक्षा जास्त पानं नकोत.
- किल्ली सांभाळणारे: खाती, पासवर्ड, डोमेन. हे नेहमी दोघेजण, आणि दोघे एकाच फर्मचे नसावेत.

पालक मिळत नसेल तर पान घेऊ नका, मग विषय कितीही महत्त्वाचा असो. बिनमालकाचं जुनं पान नसलेल्या पानापेक्षा वाईट, कारण लोक त्यावर विश्वास ठेवून ग्राहकाला आकडा सांगून मोकळे होतात.

डीलर आणि कंपनीचे लोकही मदतीला येतील. येऊ द्या, त्यांना पुष्कळ माहिती असते. फक्त ते जे विकतात त्याच्या पानाचे तपासणारे ते होणार नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. नंतर सांगितला तर तो त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखा वाटतो.

## ४. हक्क आणि खासगी माहिती

हा टप्पा लोक सर्रास सोडतात आणि नंतर याचंच निस्तरत बसतात.

वापराची परवानगी आधी ठरवा. सामायिक संग्रहासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेयनिर्देश, समवाटप ४.०’ हा परवाना सोयीचा आहे. कोणीही पान घ्यावं, छापावं, बदलावं. नाव द्यावं आणि बदललेलं पान त्याच अटींवर खुलं ठेवावं. एखादा प्रशिक्षण वर्ग तुमची पानं वापरून फी घेईल, तेही यात चालतं. ते पटत नसेल तर गटाने आत्ताच बोलून घ्यावं. वीस जणांनी लिहून झाल्यावर परवाना बदलायचा म्हणजे वीस जणांची संमती पुन्हा मिळवायची, आणि तोवर त्यातले पाच जण पुण्याला गेलेले असतात.

दुसऱ्याचा मजकूर चढवू नका. इन्व्हर्टर कंपनीचं मॅन्युअल किंवा भारतीय मानकाची स्कॅन केलेली पानं चढवायची नाहीत. मॅन्युअलचं नाव, आवृत्ती आणि पृष्ठ द्या, मानकाचा क्रमांक द्या, आणि मूळ जागेचा दुवा जोडा. यात हक्काचा प्रश्न तर आहेच. शिवाय कंपनी नवी आवृत्ती काढते तेव्हा तुमच्याकडची प्रत जुनीच पडून राहते.

फोटो. साइटवरचे फोटो म्हणजे अशा संग्रहाचा जीव. पण प्रत्येक फोटो चढवण्याआधी या गोष्टी बघा:

1. वीजबिल किंवा मीटर दिसतं आहे का? महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक आणि नाव झाका. नुसतं धूसर करू नका; काळी पट्टी टाकून नवी प्रत काढा.
2. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश आहेत का? बहुतेक फोन ते आपोआप साठवतात. चढवण्याआधी ती माहिती काढून टाका.
3. घर ओळखू येतं का? शेजारच्या गच्चीवरची माणसं दिसतात का?
4. ग्राहकाने लेखी हो म्हटलं आहे का? व्हॉट्सॲपवरचा एक ओळीचा होकार पुरतो, पण तो जपून ठेवा.

व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा आहे. तो नसता तरी ज्याने आपल्याला गच्चीवर येऊ दिलं, त्याच्या घराचा पत्ता चारचौघांत मांडायचा नाही, एवढं आपण पाळलंच पाहिजे.

## ५. साचा करा आणि एकच पान पूर्ण करा

दहा पानं एकदम सुरू करू नका. एक पान घ्या, शेवटपर्यंत न्या. त्यातून साचा पक्का होतो, मग बाकीची नऊ पानं भराभर होतात. साच्यात हे भाग हवेत: प्रश्न, थोडक्यात उत्तर, पायऱ्या, हे कुठे लागू नाही, धोका, आधार, आणि तळाशी तपासणाऱ्याचं नाव, पालकाचं नाव व तपासल्याची तारीख.

उदाहरण म्हणून ‘एका स्ट्रिंगमध्ये (एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेत) किती पॅनल लावायचे?’ हे पान घेऊ. हा प्रश्न सतत येतो आणि त्याचं तोंडी उत्तर बहुतेक वेळा ‘बारा लाव, चालतात’ असं असतं.

*थोडक्यात उत्तर:* पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (लोड जोडलेला नसतानाचं) गुणिले पॅनलची संख्या, हे इन्व्हर्टरच्या कमाल डीसी व्होल्टेजच्या आत असलं पाहिजे. आणि तेही तुमच्या गावच्या सर्वांत थंड सकाळी.

*पायऱ्या:* समजा पॅनलवर ४९.५ व्होल्ट लिहिलं आहे आणि इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्ट आहे. बारा पॅनलचे झाले ५९४. कागदावर बसतं. पण ४९.५ हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा. थंडीत व्होल्टेज वाढतं. डेटाशीटवर (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकावर) ते प्रमाण असतं. समजा दर अंशाला ०.२७ टक्के. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो, म्हणून हिशेब ५ अंश धरून करू. फरक २० अंशांचा, वाढ ५.४ टक्के. ५९४ चे झाले साधारण ६२६. मर्यादा ओलांडली. अकरा पॅनलचे ५४४.५, थंडीत ५७४. हे बसतं.

*कुठे लागू नाही:* पॅनल किंवा इन्व्हर्टर बदलला की हे आकडे चालणार नाहीत, हिशेब पुन्हा करावा. ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनलचं व्होल्टेज वेगळं सांभाळणारं उपकरण) लावलेल्या सिस्टिमला हा हिशेब नाही.

*धोका:* मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेजने इन्व्हर्टर जळू शकतो आणि वॉरंटीही हातची जाऊ शकते.

*आधार:* दोन्ही डेटाशीटची नावं, आवृत्ती, पृष्ठ.

एवढंच. हे पान एका फोनच्या पडद्यावर दोनदा सरकवलं की संपतं. ‘नागपूरचा उन्हाळा कडक’ म्हणून सगळे उष्णतेचाच विचार करतात. हिवाळ्यातली पहाट विसरली जाते. तुमच्या भागातल्या अशा विसरल्या जाणाऱ्या गोष्टी पानावर आल्या, तर कंपनीच्या मॅन्युअलपेक्षा तुमचं पान उपयोगी ठरेल. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या बाजूला पॅनलवर बसणारी राख, फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनंतरची तपासणी, बोरच्या जड पाण्याचे काचेवर राहणारे पांढरे डाग, गच्चीवर उन्हात टांगलेल्या इन्व्हर्टरची दुपारी घटणारी क्षमता: हे सगळं स्थानिक माणसानेच लिहायचं आहे.

तपासणी: तुमच्या पानावर ‘कुठे लागू नाही’ हा भाग रिकामा आहे का? रिकामा असेल तर पान अजून झालेलं नाही.

भाषेबद्दल. अर्थिंग, स्ट्रिंग, नेट मीटर, क्लॅम्प, लग हे शब्द तसेच ठेवा. साइटवर तेच बोलले जातात. वाक्यं छोटी ठेवा आणि क्रियापद आज्ञार्थी: ‘तीन अर्थिंग पिट वेगळे घ्या: डीसी, एसी आणि लाइटनिंग अरेस्टर.’ एका पायरीत एकच काम.

## ६. आता जागा निवडा

वेबसाइटचा प्रश्न इथे येतो, याआधी नाही. दहा पानं तयार असली की कोणती जागा हवी हे आपोआप कळतं.

तीसेक पानांपर्यंत सामायिक गूगल ड्राइव्ह आणि एक अनुक्रमणिकेचं पान पुरतं. पानं वाढली, लिहिणारे वाढले, कोणी काय बदललं याचा माग ठेवायची गरज पडली, की विकीकडे जा. मीडियाविकी या विकीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो आणि चूक झाली तर जुनी आवृत्ती परत आणता येते. ते चालवायला मात्र तांत्रिक जाण असलेला एक माणूस कायम हवा. असा माणूस गटात नसेल तर ड्राइव्हवरच थांबा.

इथल्या नेहमीच्या चुका:

- वैयक्तिक ईमेलवर सगळं उघडणं. तो माणूस नोकरी बदलतो आणि पासवर्ड त्याच्यासोबत जातो. गटाचं वेगळं खातं काढा, दोघांकडे किल्ली ठेवा. दोन वर्षं वापर नसलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करू शकतं, हेही ध्यानात असू द्या.
- जुन्या फॉन्टमधला मजकूर. डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलेलं मराठी बऱ्याचदा युनिकोडमध्ये नसतं. स्क्रीनवर छान दिसतं, पण शोधून सापडत नाही आणि दुसऱ्या फोनवर चिन्हांची रांग दिसते. सगळं युनिकोडमध्ये टाइप करा.
- फक्त पीडीएफ. फोनवर ती मोठी करून, सरकवत वाचावी लागते, आणि एकदा फॉरवर्ड झाली की तिच्यातली चूक तुम्हाला कधीच दुरुस्त करता येत नाही. पान हेच मूळ, पीडीएफ फक्त छपाईसाठी.
- बॅकअप नसणं. दर महिन्याला पूर्ण प्रत काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि एकदा ती उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

## ७. गच्चीवर नेऊन तपासा

पान सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ते एका हेल्परच्या हातात द्या. दुपारी, गच्चीवर, त्याच्याच फोनवर. पान ज्याने लिहिलं त्याने शेजारी उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. तो कुठे थांबतो, कुठे मागे सरकवतो, कुठे ‘म्हणजे काय?’ विचारतो, ते टिपा.

उन्हात फिक्या अक्षरांचा तक्ता वाचता येत नाही, हे कार्यालयात बसून कधीच कळत नाही. जड फोटो बुटीबोरीच्या पुढे किंवा उमरेडच्या रस्त्यावर उघडायला किती वेळ लागतो, तेही तिथेच कळतं. फोटो हलके करा, तक्त्यांऐवजी साध्या ओळी लिहा.

सावधान: ही चाचणी चालू सिस्टिमवर करू नका. पान समजतं का ते तपासायचं आहे, काम करून बघायचं नाही.

## ८. ताजं ठेवण्याचं वेळापत्रक

बहुतेक संग्रह इथेच मरतात, त्यामुळे या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

पानांचे तीन गट करा. पहिला गट लवकर बदलणारा: योजना, अर्जाच्या पायऱ्या, कागदपत्रं, वीजदर. दुसरा हळू बदलणारा: उत्पादनं, जोडणीच्या पद्धती. तिसरा जवळजवळ न बदलणारा: हिशेब, सुरक्षा, अर्थिंग. पहिल्या गटाची तपासणी दर दोन महिन्यांनी, दुसऱ्याची सहामाही, तिसऱ्याची वर्षातून एकदा. वीज नियामक आयोगाचा नवा दरआदेश आला की पहिला गट लगेच उघडायचा, ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही.

पहिल्या गटातलं पान कसं लिहायचं त्याचा नमुना: ‘सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान. पॅनल देशी बनावटीच्या सेलचे, म्हणजे डीसीआर असले पाहिजेत.’ खाली तपासल्याची तारीख, आणि त्याखाली ठळक ओळ: ‘ग्राहकाला आकडा सांगण्याआधी योजनेच्या पोर्टलवर पुन्हा बघा.’ हे आकडे एकाच पानावर ठेवा. बाकी सगळ्या पानांवर फक्त त्या पानाचा दुवा द्या. तोच आकडा सहा ठिकाणी लिहिला असेल, तर बदलताना चार ठिकाणी बदलतो आणि दोन ठिकाणी जुना राहतो.

तपासणीचा दिवस आला आणि काहीच बदललं नसेल, तरी तारीख नवी टाका. वाचणाऱ्याला तीच ओळ सांगते की कोणीतरी बघतं आहे.

चूक कळवायची सोय प्रत्येक पानाच्या तळाशी ठेवा: एक फोन क्रमांक किंवा साधा फॉर्म, गटाच्या नावाने. कळवलेल्या चुकीला दोन दिवसांत उत्तर जाऊ द्या, मग दुरुस्ती व्हायला आठवडा लागला तरी चालेल. ज्याने चूक दाखवली त्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर, पानाच्या इतिहासात लिहा. पुढचे तपासणारे याच माणसांतून मिळतात. सुरक्षेच्या पानातली चूक मात्र वेगळी: ती कळताच पान झाका, ‘तपासणी सुरू आहे’ एवढी ओळ ठेवा, आणि परवानाधारकाने बघितल्यावरच ते परत उघडा.

पालक सोडून चालला तर दोन आठवड्यांत नवा शोधा. नाही मिळाला तर पानाच्या माथ्यावर लिहा: ‘हे पान आता कोणी तपासत नाही, शेवटची तपासणी अमुक तारखेची.’ तीन महिने तरीही कोणी पुढे आलं नाही, तर पान अनुक्रमणिकेतून काढून जुन्या पानांच्या कप्प्यात टाका. पूर्ण पुसू नका. त्यातला हिशेब उद्या नव्या पालकाला लागेल.